अत्यवस्थ अर्भक, यंत्र आणि आईबापांची ‘इच्छा’

विज्ञानाने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हा निबंध आपण सर्वांनी शाळेत लिहिलेला आहे. त्यात अणुबाँब येतो, चंद्रावर उतरलेला माणूस येतो, अलीकडे संगणकही येतो. जन्माला येऊन दोन दिवस झालेले, अजून बारसेही न झालेले मूल मात्र त्यात येत नाही. वास्तविक विज्ञान, पैसा आणि नीती या तिघांची गाठ त्या मुलाच्या उशाशी जितकी घट्ट बसते तितकी दुसरीकडे क्वचितच बसत असेल. “बाळाला काचेत ठेवलंय” हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही ओळखीचे झाले आहे. त्या काचेच्या आत काय चालते, त्याला खर्च किती येतो आणि पुढे न्यायचे की थांबायचे हे कोण ठरवते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. परंतु नीतिशास्त्र आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन शिकताना माझ्या असे ध्यानात आले की, यांतला पहिला प्रश्न डॉक्टरांचा असला तरी उरलेले दोन सर्वांचे आहेत, आणि कलाशाखेच्या वर्गात त्यांची चर्चा व्हायला काहीच हरकत नाही.

प्रारंभ एका श्रीमंत घरापासून करू. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. दिवस पुरे भरण्यास अजून साडेपाच आठवडे होते. मुलाचे नाव पॅट्रिक. वजन दोन किलोंहून थोडेसे जास्त. जन्मल्यापासून त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. आपल्या फुफ्फुसांत हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. श्वास सोडल्यावर त्या चिकटून मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांना आतून साबणाच्या फेसासारखे काम करणाऱ्या एका द्रव्याचा लेप असतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलात हे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी ही गोष्ट १९५९ सालीच दाखवून दिली होती. म्हणजे पॅट्रिकच्या वेळी रोगाचे कारण माहीत होते, उपाय मात्र हाती नव्हता. मुलाला बोस्टनला नेण्यात आले, दाबाखाली प्राणवायू भरलेल्या एका मोठ्या पोलादी कोठीत ठेवण्यात आले. एकूण एकोणचाळीस तासांचे आयुष्य त्याला लाभले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान गृहस्थ बाहेर उभा होता. तज्ज्ञ होते, वाहने होती, पैशाची तर गोष्टच नको. नव्हते ते केवळ ज्ञान.

ते ज्ञान पुढच्या तीस वर्षांत आले. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासमार्गात हवेचा सौम्य दाब सतत ठेवून फुफ्फुसे मिटू न देण्याची युक्ती अर्भकांवर यशस्वी करून दाखवली. १९८० मध्ये जपानात फुजिवारा यांनी ते उणे पडणारे द्रव्य बाहेरून थेट श्वासनलिकेत सोडले. पॅट्रिकएवढे मूल आज चांगल्या सोयींच्या रुग्णालयात जन्मले तर बहुधा ते घरी जाते. ‘चांगल्या सोयींच्या’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

काही मुलांना मात्र हे उपायही पुरत नाहीत. बाळंतपण अडले म्हणजे कधी मूल पोटातच शी करते आणि ती श्वासावाटे त्याच्या फुफ्फुसांत जाते. कधी छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असते आणि आतडी वर सरकून फुफ्फुसाला वाढूच देत नाहीत. अशा मुलांसाठी जे यंत्र निघाले त्याचे नाव लांबलचक आहे. डॉक्टर आद्याक्षरांवरून त्याला ‘एक्मो’ म्हणतात. कल्पना मोठी धाडसी आहे. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून मुलाचे रक्त बाहेर काढायचे, एका पडद्यावरून नेऊन त्यात प्राणवायू मिसळायचा, कर्बवायू काढून टाकायचा, ते पुन्हा उबदार करायचे आणि दुसऱ्या नळीने शरीरात परत पाठवायचे. म्हणजे फुफ्फुसाचे काम शरीराबाहेर चालते आणि आतल्या फुफ्फुसांना काही दिवस विसावा मिळतो. यंत्र रोग बरा करीत नाही, केवळ वेळ मिळवून देते. या वेळेचे मोलही द्यावे लागते. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते, आणि त्याच औषधामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती राहते. जुन्या पद्धतीत मानेतली एक रोहिणीही बांधून टाकावी लागे. यंत्राशेजारी रात्रंदिवस शिकलेले माणूस लागते. हा सारा खटाटोप आठवडाभर, कधी दोन आठवडे चालतो. खर्च कशाचा होतो, हे यावरून कळावे. नुसते यंत्र विकत घेतले म्हणजे भागले असे नसते. खरा खर्च माणसांच्या जागरणाचा असतो.

हृदय आणि फुफ्फुस यांचे काम करणारे यंत्र जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये शस्त्रक्रियेसाठी प्रथम यशस्वीपणे वापरले होते. पण त्यात रक्ताचा प्राणवायूशी थेट संबंध येई, आणि काही तासांतच रक्त नासू लागे. मध्ये पडदा आल्यावर तासांचे दिवस झाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी हे यंत्र एका नवजात मुलीला लावले. शी फुफ्फुसांत गेल्याने ती मरणाच्या दारात होती. आई मेक्सिकोहून आलेली गरीब बाई. ती मुलीला तिथेच सोडून निघून गेली. परिचारिकांनी मुलीचे नाव ठेवले एस्परांझा. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘आशा’. मुलगी जगली, मोठी बाई झाली. मला या हकिकतीत यंत्राइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जगातली ही पहिली मुलगी, जिच्यासाठी एवढा खर्च झाला, ती कुणाच्याही ऐपतीवर जगली नाही. तिच्या नावे बिल फाडायला कोणी उरलेच नव्हते.

यानंतर खरा नैतिक पेच सुरू होतो. एक मूल जगले म्हणजे यंत्र उपयोगी ठरले असे नव्हे. कदाचित ते एरवीही जगले असते. एवढे खर्चाचे आणि धोक्याचे साधन खरोखर उपकारक आहे की नाही हे ठरवण्याचा शास्त्रीय मार्ग एकच, तो म्हणजे सारख्याच आजारी मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडणे, एकाला यंत्र देणे, दुसऱ्याला न देणे, आणि मोजणे. मरणाऱ्या मुलांच्या बाबतीत चिठ्ठ्या? बार्टलेट यांना हे जड गेले. म्हणून मिशिगन येथे त्यांनी एक वेगळी रीत वापरली. पेटीत दोन उपचारांचे चेंडू ठेवायचे, आणि जो उपचार यशस्वी होईल त्याचे चेंडू वाढवत न्यायचे, म्हणजे पुढच्या मुलाला तोच मिळण्याचा संभव वाढतो. पहिल्या मुलाला यंत्र आले, ते जगले. दुसऱ्याला नेहमीचे उपचार आले, ते गेले. त्यानंतरच्या दहाही मुलांना यंत्र आले आणि दहाही जगली. १९८५ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर संख्याशास्त्रज्ञांनी साहजिकच विचारले : एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला एक, याला तुलना म्हणायचे काय?

म्हणून बोस्टनमध्ये पुन्हा प्रयोग झाला; तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोहोंपैकी एका गटात चार मृत्यू झाले की चिठ्ठ्या थांबवायच्या, असे आधीच ठरले होते. नेहमीच्या उपचारांवरील दहांपैकी चार मुले गेली. यंत्रावरील नऊपैकी एकही नाही. मग पुढील वीस मुलांना यंत्रच देण्यात आले, त्यांपैकी एक दगावले. या प्रयोगातील एक तपशील वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. ज्या मुलांच्या वाट्याला यंत्र आले त्यांच्याच आईबापांची संमती घेण्यात आली. ज्यांच्या मुलांना नेहमीचे उपचार मिळणार होते, त्यांना अशी काही तुलना चालू आहे हे सांगितलेच गेले नाही. यामागचा युक्तिवाद असा की, ‘एक नवे यंत्र आहे, पण चिठ्ठीत तुमच्या मुलाचे नाव निघाले नाही’ हे ऐकवून दुःखी माणसांना आणखी दुःख कशाला द्यावे! युक्तिवादात दया आहे, नाही असे नाही. तथापि ज्या दयेत दुसऱ्याला विचारायचेच टाळले जाते, ती आपल्याकडच्या बायाबापड्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

इंग्लंडमध्ये १९९३ ते १९९५ या काळात याहून मोठा प्रयोग झाला. तिथे आईबापांना आधी सांगून चिठ्ठ्या टाकल्या. एकूण १८५ मुले होती. यंत्राच्या केंद्राकडे पाठवलेल्या ९३ पैकी ३० गेली, नेहमीच्या उपचारांवरील ९२ पैकी ५४ गेली. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की प्रयोग ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आला. साधारण तीन-चार मुलांवर यंत्र वापरले की एक अधिक मूल जगते, आणि तेही फार अपंगत्व न येता, असा त्याचा अर्थ. पुढे खर्चाचाही हिशेब मांडला गेला. यंत्र महाग खरे, परंतु समाजाने आधीच पत्करलेल्या इतर जीवरक्षक उपचारांच्या मानाने अवाजवी नाही, असा निष्कर्ष निघाला. या प्रयोगातील आईबापांच्या नंतर मुलाखतीही घेण्यात आल्या. त्यांतून असे दिसले की, निवड केवळ चिठ्ठीने झाली ही गोष्ट पुष्कळांना नीट उमगलेलीच नव्हती. काहींना वाटत होते, डॉक्टरांनी मूल पाहून ठरवले असेल. सांगितले होते, सही घेतली होती, तरीही. त्या प्रसंगात माणसाच्या कानांवर शब्द पडतात, आत शिरत नाहीत.

इंग्लंडचा हिशेब वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. तिथे आरोग्यसेवा सरकारी आहे. चिठ्ठी काहीही निघो, आईबापांना बिल येणार नव्हते. म्हणून तिथे खर्चाचा प्रश्न सरकारपुढे आणि अर्थशास्त्रज्ञांपुढे राहिला, पाळण्यापाशी आला नाही. पाळण्यापाशी केवळ मुलाच्या हिताचा प्रश्न राहिला.

मुलाचे हित कोणी ठरवायचे, हाही साधा प्रश्न नाही. १९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ब्लूमिंग्टन या गावी एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता, म्हणजे बुद्धीची वाढ मंद राहणार होती. शिवाय अन्ननलिका पोटापर्यंत जोडलेली नव्हती. नलिकेची शस्त्रक्रिया होण्याजोगी होती. आईबापांनी नकार दिला, न्यायालयानेही त्यांचा अधिकार मानला, आणि सहाव्या दिवशी मूल गेले. त्यावरून एवढे वादळ उठले की, अशा मुलांवरील उपचार रोखले जात असतील तर कळवावे म्हणून सरकारने रुग्णालयांत टेलिफोन क्रमांकाच्या पाट्या लावायला लावल्या. ते नियम १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. परंतु १९८४ साली बालछळविरोधी कायद्यात केलेली दुरुस्ती राहिली. या मुलाला नळी जोडण्याऐवजी मरू देण्याचे कारण त्याची नळी नव्हती, त्याची बुद्धी होती, असे मला वाटते. आणि तेवढ्यापुरता तो निर्णय मला चुकीचा वाटतो.

याच्या अगदी उलट उदाहरण लंडनचे आहे. चार्ली गार्ड नावाच्या मुलाला एक दुर्मिळ आनुवंशिक रोग होता. पेशींना शक्ती पुरेना, स्नायू गेले, मेंदूलाही इजा झाली, श्वास यंत्रावर चालला होता. आईबापांना त्याला अमेरिकेत नेऊन प्रायोगिक उपचार करायचे होते. त्यासाठी लोकांनी तेरा लाख पौंडांहून अधिक वर्गणी जमवून दिली. डॉक्टर आणि न्यायालय म्हणाले, याने मुलाचे भले होणार नाही, केवळ यातना लांबतील. जुलै १९१७ मध्ये नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत, जुलै २०१७ मध्ये श्वसनयंत्र काढण्यात आले; पहिला वाढदिवस आठवड्यावर होता. इथे पैसा होता, आईबापांची इच्छा होती, आणि तरीही थांबण्याचा निर्णय झाला. मला तो बरोबर वाटतो. पण आई-बापांच्या जागी उभे राहून तो बरोबर वाटला असता असे मी म्हणणार नाही.

पॅट्रिकजवळ पैसा होता, उपाय नव्हता. चार्लीजवळ पैसा होता, उपायाची आशा नव्हती. आपल्याकडे पुष्कळदा उपाय असतो आणि आशाही असते. मी अकरावीत असताना आमच्या घरात असे झाले. माझ्या चुलतभावाला मुलगा झाला तो आठव्या महिन्यात. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात त्याला नेले. दिवसाचे आठ हजार, औषधे वेगळी. म्हैस विकून आलेले पैसे दोन दिवसांत संपले, तिसऱ्या दिवशी वहिनीची पोत गेली, चौथ्या दिवशी काकांनी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायचे ठरवले. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी बिलातले काही कमीही केले. सुटी देताना त्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला. तो इंग्रजीत होता. घरात इंग्रजी येणारी मी एकटी.

“काय लिहिलंय गं, नीट वाच,” दादा म्हणाला.

मी वाचून अर्थ सांगितला : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या स्वतःच्या इच्छेने व जबाबदारीवर, आम्ही मुलाला घेऊन जात आहोत.

“आमच्या इच्छेने?” काकांनी विचारले. मग त्यांनी सही केली. मूल दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. आमच्या घरात आजही कोणी पैसे कमी पडले असे म्हणत नाही. ‘तेवढंच आयुष्य घेऊन आलं होतं’ असे म्हणतात.

मी हे सहानुभूतीसाठी लिहिलेले नाही. असे कागद रोज किती तरी घरांतले लोक सही करतात. मला त्यातील ‘इच्छा’ या शब्दाविषयी बोलायचे आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात एक उदाहरण घेतले आहे. वादळात सापडलेल्या जहाजाचा नाखवा जीव वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. ही कृती स्वेच्छेची म्हणायची की सक्तीची? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, मिश्र. कारण त्या क्षणी हात त्याचाच हलतो, पण एरवी कोणीही शहाणा माणूस आपणहून माल फेकणार नाही. वर्गात हे उदाहरण शिकवले तेव्हा मला तो कागद आठवला. फरक एवढाच की आमच्या जहाजावरून फेकलेली वस्तू माल नव्हती. आणि वादळही आकाशातून आलेले नव्हते, त्याचा दर ठरलेला होता. संमतीच्या तत्त्वज्ञानात ‘माहिती’ आणि ‘समज’ यांवर पानेच्या पाने लिहिलेली असतात, आणि ती हवीतच. बोस्टन आणि इंग्लंडचा अनुभव तेच सांगतो. परंतु बिलाखाली केलेली सही ही संमतीच नव्हे, हे आधी मान्य केल्याशिवाय आपल्याकडे ती चर्चा सुरूच होऊ शकत नाही. चार्लीच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न – या मुलाच्या हिताचे काय – आमच्या दादाला कोणी विचारला नाही, आणि विचारण्यात अर्थही नव्हता.

यावर अर्थशास्त्राच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. समाजाजवळचा पैसा मर्यादित आहे. एका मुलावर खर्च केलेले लाखो रुपये दुसरीकडे गेले नाहीत. ‘संधी खर्च’ या प्रकरणात आपण हेच शिकतो. मग महागड्या यंत्राऐवजी तो पैसा कुठे जावा? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची सेवा सुरू केली. थोडे शिकलेल्या गावातल्याच बायकांना, त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात, बाळाचे वजन करणे, ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. दर बाळामागे खर्च सव्वापाच डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोनशे रुपये. आणि दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. हिशेब मीच मांडला : एका जिवामागे साधारण चार हजार रुपये.

हा आकडा पुढे करून कोणी म्हणेल, मग यंत्रे हवीत कशाला? असे म्हणणारी माणसे स्वतःच्या नातवाला काचेत ठेवायची वेळ आली म्हणजे मोटार काढून मुंबईच्या रस्त्याला लागतात, हा माझा अनुभव नसला तरी अंदाज आहे. गडचिरोलीचा धडा मला वेगळा दिसतो. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बाळाच्या तोंडानाकावर मुखवटा ठेवून हातातल्या रबरी पिशवीने हवा देण्याचे काम त्या बायका करीत. तोही कृत्रिम श्वासच. एक्मो आणि ती पिशवी यांच्यात जातीचा फरक नाही, पायरीचा आहे. सरकारने पैसा खर्च करताना खालच्या पायरीपासून वर यावे, हे अर्थशास्त्र सांगते आणि ते योग्य आहे. पण हा हिशेब मंत्रालयात, अंदाजपत्रक मांडताना करायचा आहे. वरच्या पायरीवर ठेवलेल्या एका विशिष्ट मुलाच्या उशाशी, त्याच्या बापाचा खिसा तपासून, तो करायचा नाही. दोन्ही ठिकाणी ‘खर्च’ हाच शब्द वापरला जातो, आणि सगळा घोटाळा तिथे होतो. शिवाय बापाने न भरलेले पैसे काही गडचिरोलीला जात नाहीत.

अर्थात सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि वाहन मोफत केले. जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे विशेष कक्ष झाले. गडचिरोलीची पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली यादीतल्या खाजगी रुग्णालयांतही ठरावीक उपचार होतात. परंतु कक्ष उघडणे आणि तो रात्री दोन वाजता नीट चालणे या दोन गोष्टी आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षाला आग लागली. आत सतरा बालके होती. सात वाचवता आली, दहा गेली. वर म्हटले तेच येथे लागू पडते. खर्च यंत्राचा कमी आणि जागे राहणाऱ्या माणसांचा, तारा-जोडण्या तपासणाऱ्यांचा अधिक; आणि नेमका तोच अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो.

थांबण्याच्या प्रश्नाबाबत आपला कायदा मोठ्या माणसांपुरता पुढे आला आहे. २०११ च्या अरुणा शानबाग खटल्यात आणि २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार विशिष्ट मार्गाने थांबवता येतील असे मानले. सज्ञान माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्कही दिला. अर्भकाला अशी इच्छा नसते. त्याच्या वतीने बोलणारे आईबापच, आणि त्यांच्या इच्छेची आपल्याकडे काय अवस्था असते ते वर आलेच आहे. म्हणून माझे असे मत झाले आहे की, नवजात मुलाचे उपचार थांबवण्याची कोणतीही चर्चा होण्यापूर्वी त्या क्षणापर्यंतच्या बिलाचा प्रश्न दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडे घेतलेला असावा. मगच डॉक्टरांनी खुर्ची ओढून, मराठीत, आईशी बोलावे. निदान सहीचा कागद तरी मराठीत असावा, आणि नेण्याचे खरे कारण लिहायला त्यावर एक रकाना असावा. असे कागद वर्षभर जमले तरी मंत्रालयातल्या हिशेबाला उपयोगी पडतील.

एक खर्च अजून सांगायचा राहिला. जगलेले मूल घरी येते तेव्हा सर्वांचे लक्ष तिथे संपते. इंग्लंडच्या प्रयोगातील मुलांचा माग पुढे सात वर्षांच्या वयापर्यंत ठेवला गेला. यंत्राचा फायदा टिकला होता, मात्र दोन्ही गटांतल्या काही मुलांना शिकण्यात अडचणी येत होत्या, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काचेतून बाहेर आलेल्या मुलांची नजर, कान, हातापायांची हालचाल वेळोवेळी पाहावी लागते. त्यासाठी २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्यांच्या ठिकाणी केंद्रे काढण्याची योजना आहे, आणि तिथले उपचार मोफत आहेत. आमच्या गावाहून जिल्ह्याला जाणारी एस. टी. सकाळी साडेसहाला सुटते आणि परतीची संध्याकाळी मिळते. महिन्यातून दोनदा मूल काखेत घेऊन जायचे म्हणजे त्या बाईचे दोन रोज बुडतात, तिकीट वेगळे. आणि सुगीच्या दिवसांत मुकादम तिसऱ्यांदा रजा देत नाही.